आज पाणी आलं होतं का?

माझ्या गच्चीवरची कपडे वाळत घालायची दोरी निळी आहे. तिच्या आत बारीक तारा आहेत, दोन-दोनच्या जोड्यांनी पिळलेल्या. ओल्या चादरीचं वजन ती बिनतक्रार पेलते.

*

"सान्ता क्लाराला जाणाऱ्या प्रवाशांनी फाटकाशी यावं. पिशव्या हातात धराव्यात. कोंबड्या पिशवीत धराव्यात."

*

जोडीनं डॉमिनो खेळताना जोडीदाराशी बोलायचं नसतं. थांबायला मात्र बंदी नाही.

*

दुपारी एखाद्या घरातला रेडिओ एकदम मोठा झाला की आत गाणं ऐकणं सोडून दुसरंच काहीतरी चाललंय, हे हवानातल्या आमच्या लॉटन वस्तीत शेंबडं पोरही ओळखतं.

*

गेल्या महिन्यात माझा मोडेम बिघडला. आता फोनवर जग येतं, म्हणून मी एका परदेशी फोरमवर विचारलं. कोणता मोडेम, काय झालं, त्याच्या आधी काय चाललं होतं, काय करून पाहिलं, सगळं ओळीनं लिहिलं. शेवटची ओळ लिहिली: आज पाणी आलं होतं. कुठल्याशा थंड देशातल्या सभ्य माणसानं छान उत्तर दिलं आणि खाली विचारलं, पाण्याचा काय संबंध?

संबंध आहे.

यंत्र कोणतं, कुठं जोडलेलं?

बाहेरच्या जगाचं इंटरनेट काही वर्षांपूर्वी हवानात बागेतल्या बाकावर बसून मिळायचं, तेही तुटत तुटत. घरात जे होतं ते आमचं आम्ही विणलेलं जाळं. गच्चीवरून गच्चीवर निळ्या तारा, प्रत्येक गल्लीत कुणाच्या तरी गच्चीवर एक डबा, डब्यात लुकलुकणारे दिवे, आणि त्या डब्याला स्वतःच्या घरातून वीज देणारा एक भला शेजारी. लॉटनपासून लुयानो, लुयानोपासून सेर्रो, असं करत ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, मारियानाओला पोचलं होतं. त्यात खेळ होते, गप्पा होत्या, भांडणं होती, एकदोन लग्नंही त्यात जमली. फक्त त्याला बाहेर जायचं दार नव्हतं. संगणक बिघडला तर जगात कुठंतरी कुणीतरी उत्तर लिहून ठेवलं असेल, ते शोधू, अशी सोय नव्हती. आमच्यातल्या कुणाला जे ठाऊक असेल तेवढीच आमची विद्या.

म्हणून दुरुस्तीची खोली. जाळ्यावरच्या फोरमच्या त्या भागाला सगळे खोलीच म्हणायचे. ती सांभाळायचे एव्हारिस्तो मास्तर. दिवसा सान्तोस सुआरेस भागातल्या एका शाळेत रसायन शिकवायचे, जाळ्यावर त्यांचं नाव 'तेजाब'. त्यांच्या हाताखाली मी, नेरेइदा. दिवसा दवाखान्यात लोकांचं रक्त तपासायचे, जाळ्यावर माझं नाव 'रंधा', कारण लोकांचे ओबडधोबड प्रश्न तासून द्यायचं काम माझ्याकडे होतं.

ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं ओळीनं द्यायची, हा पहिला नियम. कुणी नुसतं 'चालत नाही' असं लिहिलं की मास्तरांचं उत्तर ठरलेलं असायचं: "माझाही गुडघा चालत नाही. दोघं मिळून बसू." लोक चिडायचे, शिव्या द्यायचे, आणि मग गुपचूप नीट लिहायचे. ज्याला उपाय सापडला त्यानं परत येऊन, नेमकं काय केल्यानं चाललं ते लिहायचं, हा दुसरा नियम. जो लिहायचा नाही त्याचं नाव राखाडी व्हायचं, आणि राखाडी नावाला कुणी उत्तर देत नसे. आजही रस्त्यात एखाद्याकडे बोट दाखवून म्हातारी माणसं म्हणतात, "तो राखाडी आहे." तरुणांना वाटतं, केसांबद्दल बोलतायत.

एक नियम कुठंच लिहिलेला नव्हता. घरातली वस्तू कुठून आली आणि कशी चालते, हे कुणी कुणाला विचारायचं नाही.

काय झालं?

एका दुपारी खोलीत प्रश्न आला:

"चालत नाही. मदत करा. एदेल्मिरा."

यंत्राचा पत्ता नाही, गल्लीचा नाही. टोपणनावही नाही. जाळ्यावर स्वतःचं खरं नाव लिहिणारी ती एकटीच असावी. मास्तरांनी गुडघ्याचं उत्तर टाकलं. थोड्या वेळानं बाईंचं आलं:

"कोरफड उभी चिरून आतली बाजू लावा, वरून फडकं बांधा. जिने टाळा. आता माझं सांगा."

खोली हसून हसून लोळली. मास्तरांनी मला खासगीत लिहिलं, "गुडघा खरंच दुखतो गं. कोण आहे ही बाई, बघ जरा."

बघायची गरज नव्हती. ती आमच्या मागच्या गल्लीत राहायची. तिचा चेहरा कुणाला ठाऊक नसला तरी आवाज अख्ख्या हवानाला ठाऊक होता. निवृत्त होईपर्यंत बस स्थानकावर घोषणा करायची ती. कोंबड्या पिशवीत धराव्यात, हे तिचंच.

मी दार वाजवलं.

"तू ती रक्तवाली ना? माझी साखर वाढली?"

"साखरेसाठी नाही आले. मी रंधा."

"कसला रंधा? मला सुतार नकोय."

"दुरुस्तीच्या खोलीतली."

"मग असं बोल की. आत ये. गुडघेवाला नाही आला?"

कॉफी झाली. संगणक दाखवला. भाच्यानं परदेशी जाताना जोडून दिलेला, पुढची बाजू एका जातीची, मागची दुसऱ्या.

"डॉमिनो खेळता खेळता जातं," ती म्हणाली.

"काय जातं?"

"ओब्दुलिया जाते."

ओब्दुलिया तिची थोरली बहीण, मारियानाओला राहायची. अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. फोन केला की पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा. एक हात मात्र शाबूत होता. मारियानाओला जायचं तर बस बदलावी लागे, आणि जिनं आयुष्यभर माणसं बसमध्ये चढवली तिला आता बसची पायरी चढवत नव्हती. म्हणून रोज दुपारी दोघी डॉमिनोच्या खोलीत एकाच टेबलावर जोडीनं बसायच्या. डाव आणि मागाहून एखादी टंकलेली ओळ, एवढाच त्यांचा संवाद उरला होता.

"आणि ऐन डावात मी गायब. परत येते तो टेबल दुसऱ्यांना दिलेलं. हे बघ, मला काय लावलंय."

पडद्यावर तिच्या नावापुढं एक छोटी कोंबडी होती. हरताना डाव सोडून पळणाऱ्याला डॉमिनोवाले कोंबडी लावायचे. आणखी एक लागली की नाव बाद, नव्या वर्षापर्यंत दार बंद.

"मला बाद केलं तर मी ओब्दुलियाशी कुठं बोलू? आणि ती काय समजेल? आत्ताच बघ काय लिहिलंय तिनं."

लिहिलं होतं: "कंटाळा आला असेल तर सांग. कोंबडी होऊ नकोस."

त्याच्या आधी काय चाललं होतं?

"काही नाही," एदेल्मिरा म्हणाली.

"रोज जातं?"

"रोज नाही. जातं तेव्हा जातं."

"त्या वेळी घरात काय चालू असतं?"

"मी असते. यंत्र असतं. पंखा असतो." मग घोषणा केल्यासारखा स्पष्ट आवाज लावून: "दुसरं काहीही चालू नसतं."

मी तिच्यासाठी प्रश्न लिहिला. यंत्राची सगळी हकिगत, तार कुठून येते, डबा गच्चीवर, त्याला वीज खाली राहणाऱ्या त्रांकिलिनोच्या घरातून, दुपारी डाव सुरू असताना जोडणी जाते, थोड्या वेळानं आपोआप येते, गल्लीत दुसऱ्या कुणाची तक्रार नाही. शेवटी तिचंच वाक्य: दुसरं काहीही चालू नसतं. प्रश्न इतका देखणा झाला की मास्तरांनी तो इतरांना नमुना म्हणून वर टांगला.

उत्तर कुणालाच येईना.

काय काय करून पाहिलं?

तारेचं टोक कापून नवं बसवलं. तार बदलली. उंदरांवर संशय घेतला, मग शेजारच्या मांजरावर. लुयानोच्या एकानं सांगितलं म्हणून यंत्र उघडून पिसानं झाडलं. एदेल्मिरानं स्वतःच्या मनानं पितरांसाठी पेलाभर पाणी यंत्राच्या डोक्यावर ठेवलं होतं, ते मी दोन्ही हातांनी उचलून खिडकीत नेलं.

"तिथून त्यांना दिसेल का?" ती म्हणाली.

"दिसेल. यंत्र बुडणार नाही, एवढाच फरक."

मास्तरांनी खासगीत लिहिलं, "प्रश्न नीट आणि उत्तर नाही, असं या खोलीत होत नाही. म्हणजे प्रश्नात काहीतरी खोटं आहे."

मला राग आला. प्रश्न मी तासला होता.

मी ठरवलं, डाव चालू असताना शेजारी बसून बघायचं. कोंबडी लागू नये म्हणून आम्ही सरावाचं टेबल घेतलं. ओब्दुलियाला ते आवडलं नाही; खोटा डाव म्हणजे तिला पाणी घातलेली कॉफी. तरी बसली. समोर दोन कुणीतरी होते, 'शार्क' आणि 'चक्रीवादळ'.

ओब्दुलिया सावकाश खेळायची. सोंगटी टाकण्याआधी कधी पटकन, कधी बराच वेळ थांबून.

"बघ, थांबली," एदेल्मिरा कुजबुजली. "म्हणजे हातात पाचाची आहे, पण ठेवायची नाहीये. लहानपणापासून अशीच. पेरूची वडी लपवायची आणि माझी संपली की माझ्यासमोर खायची."

"हे सगळं त्या थांबण्यात?"

"तू कुणाची बहीण आहेस?"

"नाही."

"मग तुला नाही कळायचं."

तेवढ्यात बाहेर गल्लीत हाकाटी झाली, "आलं, आलं," आणि बादल्यांचा खडखडाट सुरू झाला. माणसं घरातून धावली. एदेल्मिरानं पडद्यावरची नजर न हलवता हात लांबवला आणि रेडिओचा कान पिरगळला. कुणी एक दुःखी गायक घरभर ओरडायला लागला.

बहिणीच्या एकेका थांबण्याचा अर्थ लावणारी बाई ऐन डावात रेडिओ कशाला मोठा करते? मी विचारणार, तोच गायकाचा आवाज बसला, कुणी तोंडावर उशी धरावी तसा. पंख्याची पाती मोजता येतील इतकी संथ झाली. मग गायक परत ओरडायला लागला, पंखा भणभणला. आमचा संगणक तेवढ्यापुरता तगला. पण पडद्यावरचं टेबल गोठलं होतं. आणि डोक्यावर, गच्चीतल्या टाकीत, पाणी धो धो पडत होतं.

मी रेडिओ बंद केला. आता भिंतीतून मोटरची घरघर स्वच्छ ऐकू येत होती.

"मोटर कुणाची?"

"कसली मोटर?"

"एदेल्मिराबाई."

"शेजारी काहीतरी वाटत-बिटत असतील."

"आणि वाटण तुमच्या टाकीत पडतंय?"

तिनं हात मांडीवर घेतले. पडद्यावर 'जोडणी नाही' असं आलं होतं, त्याकडे बघत म्हणाली, "त्रांकिलिनोची आहे. सरकारी नळावरच चढवलीय. त्याची टाकी भरली की नळी माझ्या टाकीत टाकतो. मी या वयात बादल्या वाहू? आणि तू हे लिहायचं नाहीस. त्यानं रागावून डबा उतरवला तर अख्खी गल्ली आंधळी होईल."

सगळं जागेवर बसलं. डब्याची वीज आणि मोटरची वीज एकाच लाइनवर. मोटर ओढायला लागली की दाब उतरायचा आणि गच्चीवरचा डबा मान टाकायचा. गल्लीत दुसऱ्या कुणाची तक्रार नव्हती, कारण एक दिवसाआड पाणी यायचं, तेव्हा यंत्रापुढं बसायला दुसरं होतंच कोण? सगळे नळावर. बसलेली फक्त ही, कारण हिची टाकी आपोआप भरत होती.

काय लिहायचं?

हा प्रश्न आमच्या ठरलेल्या प्रश्नांत नव्हता.

त्रांकिलिनो दारात झुलत्या खुर्चीत बसलेला असायचा, बनियनवर, मिशी नीट कातरलेली.

"त्रांकिलिनो, डब्याचा अडॅप्टर कुठल्या लाइनवर आहे?"

"विजेच्या."

"आणि मोटर?"

"माझ्याकडे मोटर? आमचं शिवणयंत्रसुद्धा पायानं चालतं."

"तुमचा रेडिओ कोपऱ्यापर्यंत ऐकू येतो."

"मला संगीत आवडतं."

"एक दिवसाआड?"

तो झुलायचा थांबला. आलेलं हसू मिशीत दाबलं.

"हे बघ पोरी, अडॅप्टर मी आत्ता हलवीन. दुसरी लाइन आहे स्वयंपाकघरातून. पण डब्याला हात लावला की का लावला ते लिहावं लागतं, तुमचाच नियम. काय लिहू? गल्लीचं पाणी मोटर लावून ओढतो म्हणून? ते सेर्रोतला कुणी वाचणार, त्याचा मेहुणा पाणी खात्यात असणार. मग मोटर जाणार, मागोमाग डबा जाणार. आणि म्हातारीचं पाणी कोण भरणार, तू?"

"मग दुसरं काहीतरी कारण लिहा."

"ते तर मला झोपेतही जमेल." तो पुन्हा झुलायला लागला. "पण उद्या दुसऱ्या गल्लीत हेच झालं, तर तो माझं खोटं वाचून तारा कापत बसेल. मी पाणी चोरतो. दुसऱ्याचा वेळ नाही चोरत."

त्यानं घरात हाक मारून मला कॉफी पाजली.

दरम्यान एदेल्मिरानं खेळणं बंद ठेवलं. पुढची कोंबडी शेवटची होती. ओब्दुलिया रोज दुपारी टेबलाशी येऊन बसायची. तिचं नाव खोलीत दिसायचं, बाजूची जागा रिकामी. एदेल्मिरा पडद्यावर ते नाव बघत बसायची आणि खेळायची नाही.

"लिहा ना तिला," मी म्हटलं.

"काय लिहू? मारियानाओला तिच्या गल्लीत पाणी रोज येतं. तिला काय कळणार."

उपाय मला दवाखान्यात सापडला. रक्त घेण्याआधी आम्ही विचारतो, आज काही खाल्लंय का? डॉक्टरांनी बजावलं असताना चोरून खाल्लंत का, असं विचारत नाही. आणि सगळ्यांनाच विचारतो. उपाशी दिसणाऱ्यालाही, पोट सुटलेल्यालाही. त्यामुळे कुणी लाजत नाही. म्हणतात, "हो, थोडा भात." सुई बाजूला ठेवायची आणि उद्या या म्हणायचं. भात कुठून आला, कुणी केला, हे कुणी काढत नाही.

मी मास्तरांना लिहिलं: "प्रश्नांच्या शेवटी आणखी एक ओळ हवी. सगळ्यांसाठी. आज पाणी आलं होतं का?"

"पाण्याचा संगणकाशी काय संबंध?"

"तुमच्याकडे कधी येतं, मास्तर?"

"एक दिवसाआड."

"आणि तेव्हा तुमचा रेडिओ?"

मास्तर थांबले. चांगले लांबलचक थांबले. कुणाची बहीण नसूनही त्या थांबण्याचा अर्थ मला कळला.

आज पाणी आलं होतं का?

ती ओळ खोलीच्या दारावर लागली. नवीन येणारे विचारायचे, हे काय भलतंच? जुने सांगायचे, भर आणि पुढं हो. मग एकेक करून मेलेले प्रश्न उठून बसायला लागले. सेर्रोतला एक, ज्याचा पडदा मधूनच काळा व्हायचा: हो, आलं होतं. लुयानोतली दोघं: हो, आलं होतं. एकानं लिहिलं, "आलं होतं, पण माझ्याकडे तसलं काही नाही." खाली कुणीतरी लिहिलं, "विचारलंय का कुणी?" मास्तर सगळ्यांना एकच ओळ देत गेले: यंत्राची लाइन वेगळी करा. मोटर हा शब्द त्या खोलीत शेवटपर्यंत कुणी लिहिला नाही.

एदेल्मिरानं प्रश्न पुन्हा लिहिला, या वेळी स्वतः, एका बोटानं. 'दुसरं काहीही चालू नसतं' हे वाक्य गाळलं. शेवटी: "हो, आलं होतं."

त्रांकिलिनोनं अडॅप्टर स्वयंपाकघराच्या लाइनवर नेला, कारण लिहिलं: पाणी आलं होतं. कुणी काही विचारलं नाही.

मग पाण्याच्या दिवशी ती खऱ्या टेबलावर बसली. मी शेजारी. गल्लीत हाक उठली, तिनं रेडिओ मोठा केला. गायकाचा आवाज बसला, पंखा संथ झाला, टाकीत पाणी कोसळलं. तिनं माझं मनगट धरलं होतं, नखं रुतली. टेबल हललं नाही. चारी नावं जागेवर. पाळी ओब्दुलियाची होती, आणि ती थांबली. शार्क चिडून "झोपलात का आजी" असं लिहायला लागला.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"विचारते, आहेस का अजून."

मग पलीकडून सोंगटी पडली, आणि एदेल्मिरानं एका क्षणात आपली टाकली. ती घाई म्हणजे तिचं उत्तर असावं.

डाव संपल्यावर ओब्दुलियाचं लिखाण आलं: "मला वाटलं, हरत होतीस म्हणून पळत होतीस."

"मी पळाले नाही."

"सगळ्या कोंबड्या असंच म्हणतात."

"तू वडी लपवायचीस."

"तू पळायचीस."

हा वाद त्या दोघींनी पुढं जाळं असेपर्यंत रोज चालवला.

काय केल्यानं चाललं?

पुढं वरून नवे नियम आले आणि गल्लीगल्लीतल्या तारा उतरवायला लागल्या. लोक गच्च्यांवर चढून निळ्या तारा गुंडाळत होते. त्रांकिलिनोनं डबा फडक्यानं पुसून खाली आणला आणि कपाटावर ठेवला, वर नातवाचा फोटो.

दुरुस्तीच्या खोलीतला शेवटचा प्रश्न मास्तरांनी स्वतः लिहिला. मला तो पाठ आहे.

यंत्र कोणतं: आमचं जाळं. काय झालं: उद्यापासून बंद. त्याच्या आधी काय चाललं होतं: सगळं. काय करून पाहिलं: विनंत्या. आज पाणी आलं होतं का: हो.

खाली खूप जणांनी लिहायला सुरुवात केली असणार. उत्तर एकही आलं नाही. मास्तरांचं नाव तेवढं एकदाच राखाडी झालं. खोलीच राहिली नाही, तर परत येऊन काय लिहिणार? परवा बाजारात भेटले. गुडघ्याला फडकं बांधलेलं होतं. "कोरफड," म्हणाले, आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन निघाले.

एदेल्मिरा त्याच आठवड्यात मारियानाओला गेली, कायमची. त्रांकिलिनोनं मेहुण्याचा ट्रक आणला. तिला पायरी चढवेना म्हणून खुर्चीसकट वर ठेवलं. गल्ली जमली होती. ती ट्रकमधून म्हणाली, तोच जुना आवाज लावून, "मारियानाओला जाणारी गाडी सुटत आहे. राहणाऱ्यांनी मागं व्हावं." लोक खरोखरच मागं झाले.

मी कधीमधी जाते. दोघी लाकडी टेबलाशी बसतात, समोर शेजारपाजारची जोडी. ओब्दुलिया सोंगटी टाकताना थांबते. एदेल्मिरा रेडिओ लावत नाही. पाणी रोज येतं तिथं, आणि टाकी भरायची वेळ कुणाच्या लक्षातही येत नाही. मला ते घर जरा सुनं वाटतं.

आमच्याकडे अजूनही एक दिवसाआड येतं. एदेल्मिराच्या जागी आता एक तरुण जोडपं राहतं, त्यांची टाकीही आपोआप भरते. रेडिओचं मात्र त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. मीच सांगितलं.

त्या थंड देशातल्या माणसाला मी परत जाऊन कळवलं, राखाडी व्हायचं नव्हतं. लिहिलं: "मोडेमची लाइन वेगळी केली, चाललं. धन्यवाद." "आणि पाण्याचं?" त्यानं परत विचारलं. मी लिहिलं, "आमच्याकडे विचारायची पद्धत आहे." त्यानं हसरा चेहरा पाठवला.

पहिल्यांदा जोडणी गेली त्या दुपारी एदेल्मिराच्या हातात एकच सोंगटी उरली होती, आणि ती लागत होती, म्हणजे डाव तिचाच होता.